अर्धगोल

त्या हिवाळ्यात कुताइसीत वीज यायची
आगंतुक पाहुण्यासारखी,
आणि ताटं मांडायच्या आत निघून जायची.
त्सियाला मॅडम म्हणाल्या, या प्रयोगाला वीज लागत नाही.
एक काचेची नळी, टोकाला केसाएवढं भोक.
एक बाटली, तळाशी तोटी.
खिडकीतला उजेड असेल तेवढा,
आणि गप्प बसता येणं.

आम्ही चौघं उरलो होतो. हजेरीपटावर एकोणीस नावं.
त्या एकोणीसही वाचायच्या,
प्रत्येक नावापुढे एक श्वास थांबून.

नळी पाण्यात बुडवायची नाही, नुसती टेकवायची,
झोपलेल्या पोराचा ताप बघावा तशी.
मग तोटी सोडायची.
थेंबे थेंबे बाटली रिती होते, आतली हवा विरळ होते,
बाहेरची हवा त्या भोकातून शिरू बघते
आणि पाणी तिला शिरू देत नाही.
किती वेळ देत नाही, केवढ्या जोराला देत नाही,
तेवढंच मोजायचं होतं आम्हाला.

मॅनोमीटरमधलं लाल स्पिरिट
पहारेकरी मालखाझनं नोव्हेंबरातच संपवलेलं, रंगासकट.
मग एका सकाळी तोच आला, मान खाली,
कोटाच्या आत बाटली. घरची, द्राक्षांची.
बीट किसून लाल केलेली.
गोचानं विचारलं, पण हिची घनता?
मॅडमनी खडू उचलला.
आधी शुद्ध पाणी मोजा, मग तुमचं द्रावण,
एका उंचीला दुसरीनं भागा.
दारू वर आहे, खाली आहे; छाटली जाते.
मालखाझ दारातून म्हणाला,
माझ्या बाबतीत नाही जात.
त्या महिन्यात मॅडम एकदाच हसल्या, ते तेव्हा.

खोलीत सहा अंश. तक्ता वीस अंशांवर उघडलेला.
पान उलटा, त्या म्हणाल्या,
गारठ्यात पाणी स्वतःला जास्त घट्ट धरतं.
आम्हीही धरत होतो. हातमोजे काढून आकडे लिहायचे,
मग बोटं काखेत.
दोन थेंब ब्यूटाइल अल्कोहोल, सडक्या केळाचा वास,
आणि लाल रेघ पहिल्याइतकी चढेचना.
पाण्याची तटबंदी अशी फितुरीनं पडते,
आवाज न होता.

आता मी ग्दान्स्कला रंगाच्या कारखान्यात आहे.
यंत्र सेकंदाला दहा बुडबुडे सोडतं,
आकडा पडद्यावर आपोआप उमटतो,
आणि कुणाला बुडबुडा दिसत नाही.
मी नव्या मुलांना सांगायला जाते, ती मान डोलावतात.
काय सांगते? की तो आधी सपाट असतो,
मग थोडा फुगीर, नखाच्या चंद्रासारखा,
मग नेमका अर्धा गोल, नळीच्या तोंडाएवढा.
तिथे दाब सगळ्यात जास्त.
त्यापुढे तो मोठा होत जातो आणि त्याला सोपं होत जातं,
इतकं सोपं की तो सुटतोच.
अवघड असतं ते अर्ध्यापर्यंत.
नातेला, तुम्ही कविता करता का, एकानं विचारलं.
नाही, मी म्हटलं, त्रिज्या भागाकारात असते, एवढंच.

शेवटचं द्रावण. चार वाजून गेलेले, खिडकी निळी पडलेली.
लाल रेघ चढतेय, आम्ही चौघं वाकलेलो,
गोचाचा श्वास माझ्या मानेवर,
तोटीचा थेंब, मग थेंब,
रेघ अजून चढतेय,
आणि दिवा लागला.

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं.
कुठेतरी खालच्या मजल्यावर टाळ्या वाजल्या, रेडिओ बोलू लागला.
खाली पाहिलं तेव्हा रेघ पडून गेली होती.

पुन्हा, त्सियाला मॅडम म्हणाल्या,
आणि उठून त्यांनी दिवा बंद केला.